प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला रॅम नीट कशी द्यायची

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग, म्हणजे जीपीयू, प्रोसेसरच्याच चिपमध्ये असतो. त्याला स्वतःची मेमरी नसते. विंडोज, ब्राउझर, एक्सेल ज्या रॅमवर चालतात त्याच रॅमवर तोही चालतो. इंटेलचं यूएचडी आणि आयरिस एक्सई, एएमडीचं व्हेगा, रेडिऑन ६८०एम, ७८०एम हे सगळे याच जातीचे.

असा कॉम्प्युटर घेतल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: व्हीरॅम (ग्राफिक्सची मेमरी) १२८ एमबीच दाखवतंय, वाढवायची कशी? त्या आकड्याच्या मागे लागण्यात संध्याकाळ जाते आणि गेम आहे तिथेच राहतो. अशा ग्राफिक्सचा वेग रॅम किती राखून ठेवली यावर फारसा ठरत नाही. रॅममधून दर सेकंदाला किती डेटा ये-जा करू शकतो, म्हणजे बँडविड्थ किती, यावर तो ठरतो. म्हणून कामाचा क्रमही तसाच ठेवा. आधी रॅम दोन चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन मार्गांवर, आणा, मग तिचा वेग तपासा, आणि राखीव हिश्श्याला सगळ्यात शेवटी हात लावा.

आधी आहे ते बघून घ्या

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलात की एकूण रॅम, स्पीड, स्लॉट्स यूज्ड, फॉर्म फॅक्टर आणि हार्डवेअर रिझर्व्हड हे आकडे दिसतात. ते लिहून ठेवा किंवा स्क्रीनशॉट घ्या, नंतर तुलनेला लागतील. स्लॉट्समध्ये २ पैकी १ दिसत असेल तर तुमचं निम्मं काम तिथेच सापडलं. फॉर्म फॅक्टरमध्ये 'रो ऑफ चिप्स' असं असेल तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे आणि ती बदलता येत नाही.

डावीकडे जीपीयूवर क्लिक केलं की डेडिकेटेड आणि शेअर्ड अशी दोन खाती दिसतात. डेडिकेटेड म्हणजे मशीन सुरू होतानाच बायोसने (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामने) बाजूला काढलेली रॅम. ती विंडोजला दिसतच नाही, म्हणून हार्डवेअर रिझर्व्हडमध्ये मोजली जाते. ८ जीबीचा नवाकोरा लॅपटॉप आणि वापरायला ५.९ जीबीच्या आसपास, ही तक्रार इथूनच येते: बायोसने २ जीबी ग्राफिक्सला दिलेली असते. रॅम खराब नसते, दुकानदारानेही फसवलेलं नसतं.

शेअर्ड हे वेगळं प्रकरण आहे. ही रॅम आधीपासून अडवून ठेवलेली नसते. गेमला टेक्श्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) ठेवायला जागा लागली की ड्रायव्हर, म्हणजे जीपीयू चालवणारा प्रोग्राम, विंडोजकडून रॅमची पानं (छोटे तुकडे) मागून घेतो आणि काम झालं की परत करतो. विंडोज यासाठी कमाल मर्यादा म्हणून एकूण रॅमच्या निम्मा आकडा दाखवतं. १६ जीबीच्या मशीनवर शेअर्डमध्ये जवळपास ८ जीबी दिसते ती म्हणूनच. ती वापरात आहे असा त्याचा अर्थ नाही, लागली तर तिथपर्यंत जाता येईल इतकाच आहे.

रॅममध्ये विखुरलेली ही पानं जीपीयूला मात्र सलग दिसावी लागतात. त्यासाठी त्याच्याकडे पत्त्यांचा एक तक्ता असतो. ही युक्ती जुनी आहे. १९९७ मध्ये आलेल्या एजीपी या ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटमध्ये ती गार्ट या नावाने होती आणि त्या काळच्या बायोसमधलं एजीपी अपर्चर साइज हे सेटिंग त्या तक्त्यातून दिसणाऱ्या रॅमच्या खिडकीचा आकार ठरवायचं. स्लॉट गेला, पद्धत राहिली.

बँडविड्थचा हिशेब

१९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर एक चित्र ८३ लाख बाइटचं, म्हणजे साधारण ८.३ एमबी. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे काहीही न करता नुसतं चित्र दाखवत राहायला सेकंदाला अर्धा जीबी वाचावा लागतो. ४के पडद्यावर हाच आकडा २ जीबी.

आता गेम. आजचे बरेच गेम प्रत्येक चित्रासाठी आधी रंग, दिशा, खोली, पृष्ठभागाचा गुण असे चार-पाच मधले थर लिहितात आणि मग ते परत वाचून उजेड-सावली मोजतात. चारच थर धरले तर ३३ एमबी लिहिणं आणि ३३ एमबी वाचणं. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे ६० फ्रेम, धरल्या तर ते सेकंदाला जवळपास ४ जीबी. यात टेक्श्चर आलेले नाहीत, सावल्यांचे नकाशे आलेले नाहीत, एकाच पिक्सेलवर पुन्हा पुन्हा रंगवणं आलेलं नाही. हे सगळं मिळून वाचन-लेखन याच्या कितीतरी पट होतं, आणि त्याच वेळी प्रोसेसरच्या कोरनाही तीच रॅम हवी असते.

पुरवठा किती आहे ते बघा. डीडीआर४ पिढीच्या, ३२०० वेगाच्या रॅमची एक स्टिक (स्लॉटमध्ये बसणारा रॅमचा तुकडा) सेकंदाला २५.६ जीबी देते. दोन स्टिक दोन चॅनेलवर असतील तर ५१.२. डीडीआर५ ५६०० च्या दोन स्टिक ८९.६ देतात. जीटीएक्स १६५० सारख्या साध्या कार्डावर ४ जीबीच मेमरी असते, पण तिची बँडविड्थ १२८ जीबी आणि तीही एकट्या जीपीयूसाठी. ॲपलने २०२० मध्ये आणलेल्या एम१ चिपमध्येही मेमरी सामाईकच आहे. तिथे १२८ बिटच्या रुंद मार्गावर ६८ जीबीच्या आसपास मिळतात आणि रॅम चिपच्या शेजारीच बसवलेली असल्याने कोणी एकच चॅनेल भरून मशीन विकूच शकत नाही. विंडोज लॅपटॉपमध्ये ते सर्रास होतं.

दुसरी स्टिक

एका स्टिकवर चालणाऱ्या मशीनमध्ये दुसरी घालणं हा या सगळ्यातला सर्वात मोठा फरक पाडणारा उपाय आहे. बँडविड्थ थेट दुप्पट होते आणि ग्राफिक्सचा भार असलेल्या गेममध्ये फ्रेम तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत वाढलेल्या नेहमी दिसतात. टायपिंग, यूट्यूब, टॅली यांत मात्र फरक जाणवणार नाही. फक्त तेवढ्यासाठी मशीन असेल तर हा खर्च करू नका.

इंटेलच्या अकराव्या-बाराव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये तर हा फरक नावातच दिसतो. आयरिस एक्सई हे नाव ड्रायव्हर तेव्हाच दाखवतो जेव्हा मेमरी १२८ बिट, म्हणजे दोन्ही चॅनेल भरलेली असते. खोक्यावर आयरिस एक्सई आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएचडी ग्राफिक्स असं दिसलं तर तोतया प्रोसेसर आलाय असं समजू नका. दुसरा स्लॉट रिकामा आहे, बस.

स्टिक घेताना, मग ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या की ऑनलाइन, या गोष्टी पक्क्या करा. पिढी तीच हवी: डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसत नाही. खाच वेगळ्या जागी असते आणि जोर लावला तर स्लॉट तुटतो. लॅपटॉपला छोटी सोडिम लागते, डेस्कटॉपला लांब. क्षमता शक्यतो जुन्या स्टिकइतकीच घ्या. ४ आणि ८ अशी जोडी चालते, पण मग फक्त ४ अधिक ४ एवढाच भाग दोन चॅनेलवर चालतो आणि वरचे ४ जीबी एकाच चॅनेलवर. ८ आणि ८ मध्ये ही भानगड नाही. वेग वेगळा असेल तर दोन्ही स्टिक संथ असलेलीच्या चालीने चालतात, त्यामुळे जुनी २६६६ असताना नवी ३२०० घेऊन वेग वाढत नाही.

एक बारकावा दुकानात कोणी सांगत नाही. ८ जीबीच्या डीडीआर४ स्टिकवर कधी आठ चिप असतात, कधी चारच. चार चिपवाली रुंद चिपची असते, तिच्यात बँक (डेटा ठेवायचे कप्पे) निम्म्या असतात आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर ती थोडी मागे पडते. भाव सारखाच असेल तर आठ चिपवाली मागा.

लॅपटॉप उघडण्याआधी चार्जर काढा, पूर्ण शटडाउन करा, आणि झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. बॅटरी जोडलेली असताना रॅम काढली-घातली तर बोर्ड जाऊ शकतो. अंगातली स्थिर वीज उतरवायला एखाद्या रंग न दिलेल्या धातूला हात लावा. स्टिकची खाच स्लॉटच्या खुणेशी जुळवून साधारण ३० अंशात तिरकी आत सारा. सोनेरी पट्टी जवळपास पूर्ण आत गेली पाहिजे. मग दोन बोटांनी कडा खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसतील. एकच बसली तर काढून पुन्हा घाला.

डेस्कटॉपवर चार स्लॉट असतील तर दोन स्टिक शेजारी-शेजारी घालू नका. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजलं तर दुसरा आणि चौथा हे बरोबर स्लॉट असतात, आणि बोर्डावर त्यांच्यापाशी ए२, बी२ असं छापलेलं असतं. पहिल्या दोनांत घातल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात. १६ जीबी दिसते, मशीन चालतं, वेग मात्र एका स्टिकचाच राहतो. ही चूक महिनोन् महिने लक्षात येत नाही.

खात्री करायला सीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्राम उघडा आणि मेमरीच्या टॅबमध्ये चॅनेल बघा. डीडीआर४ वर ड्युअल दिसायला हवं. डीडीआर५ वर जरा जपून वाचा. तिची प्रत्येक स्टिक आतून ३२ बिटच्या दोन भागांची असते, त्यामुळे एकाच स्टिकला '२ गुणिले ३२ बिट' दिसतं आणि लोक खूश होतात. ते एकूण ६४ बिटच झालं. दोन स्टिक नीट बसल्या असतील तर '४ गुणिले ३२ बिट' दिसेल.

रॅमचा वेग

डेस्कटॉपवर ३६०० ची रॅम घातली म्हणून ती ३६०० ने चालत नाही. बोर्ड तिला आधी सुरक्षित वेगाने, बऱ्याचदा २१३३, २४०० किंवा २६६६ ने सुरू करतो. डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारं सेटिंग, चालू करा. एएमडीच्या बोर्डांवर याचंच नाव डीओसीपी किंवा डीडीआर५ साठी एक्स्पो असतं. सेव्ह करून बाहेर आलात की टास्क मॅनेजरमधला स्पीड पुन्हा बघा.

रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरचं उदाहरण घ्या. एएमडीने अधिकृतपणे सांगितलेला वेग डीडीआर४ ३२००, पण ३६०० च्या दोन स्टिक सहसा विनातक्रार चालतात. एफसीएलके, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या मार्गाचा वेग, १८०० वर ठेवला की तो मार्ग रॅमच्या चालीशी एकास एक जुळलेला राहतो. बँडविड्थ ५७.६ जीबी होते. २४०० वर पडून राहिलेल्या त्याच रॅमचे ३८.४ होतात, म्हणजे विकत घेतलेला एकतृतीयांश वेग वाया. लॅपटॉपच्या बायोसमध्ये हे सेटिंग बहुधा नसतंच. तिथे प्रोसेसर जो वेग मानतो तोच.

वेग ताणला आणि रॅमला तो झेपला नाही तर सामाईक मेमरीत त्याची लक्षणं चित्रावर उमटतात: रंगीत ठिपके, फाटलेले त्रिकोण, किंवा पडदा क्षणभर काळा होऊन ड्रायव्हर पुन्हा सुरू झाल्याचा संदेश. लोक ड्रायव्हर बदलत बसतात. आधी एक्सएमपी बंद करून बघा. ठिपके गेले तर दोष रॅमच्या वेगात आहे, तेव्हा एक पायरी खाली या आणि मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. त्यात एकही चूक निघता कामा नये.

राखीव हिस्सा

एएमडीच्या मशीनवर याचं नाव यूएमए फ्रेम बफर साइज. एमएसआयच्या बोर्डावर ते ॲडव्हान्स्डमधल्या इंटिग्रेटेड ग्राफिक्स कॉन्फिगरेशनमध्ये असतं, गिगाबाइटवर आयओ पोर्ट्समध्ये, आसुसवर एनबी कॉन्फिगरेशन किंवा जीएफएक्स कॉन्फिगरेशनमध्ये. ते दिसत नसेल तर आधी इंटिग्रेटेड ग्राफिक्स ऑटोवरून फोर्स करा, मग खालची ओळ उघडते. इंटेलवर डीव्हीएमटी प्री-अलोकेटेड शोधा. लॅपटॉप कंपन्या हे सेटिंग बऱ्याचदा लपवतात. एचपीवर बायोससाठी एफ१०, डेलवर एफ२, लेनोव्होवर एफ१ किंवा एफ२.

किती ठेवायचं? एकूण ८ जीबी असेल तर ऑटो किंवा ५१२ एमबी. १६ असेल तर २ जीबी. ३२ असेल तर ४ जीबी ठेवायला हरकत नाही. ८ जीबीच्या मशीनवर ४ जीबी ग्राफिक्सला देणं हा सगळ्यात जास्त दिला जाणारा आणि सगळ्यात वाईट सल्ला आहे. विंडोजला उरलेल्या ४ जीबीत ते स्वतः, ब्राउझर आणि गेम मावत नाहीत, सगळं एसएसडीवर ढकललं जातं आणि खेळताना दर काही सेकंदांनी झटका बसतो.

राखीव भाग आणि शेअर्ड भाग एकाच रॅममध्ये आहेत, एकाच मार्गाने येतात. त्यामुळे ५१२ एमबीचे २ जीबी केल्याने बहुतेक गेमच्या फ्रेम जवळपास तेवढ्याच राहतात. फरक पडतो तो तीन ठिकाणी. काही गेम सुरू होताना फक्त डेडिकेटेडचा आकडा बघतात आणि कमी दिसला की चालूच होत नाहीत. काही गेम त्या आकड्यावरून टेक्श्चरचा दर्जा खाली आणतात. आणि घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवणारे काही प्रोग्राम शेअर्ड मेमरी मोजतच नाहीत. यातलं काही तुमच्या वाट्याला आलं असेल तरच आकडा वाढवा. रायझन एआय ३०० सारख्या नव्या प्रोसेसरवर बायोसमध्ये जायचीही गरज नाही. एएमडीच्या ॲड्रेनालिन या ड्रायव्हरच्या ॲपमध्ये व्हेरिएबल ग्राफिक्स मेमरी हे सेटिंग आहे. ते बदलून एकदा रीस्टार्ट करावं लागतं.

इंटेलसाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) जीएमएम नावाची की बनवून डेडिकेटेड सेगमेंट साइज ५१२ लिहायची युक्ती सगळीकडे फिरते. त्याने एक बाइटही जास्त मिळत नाही, फक्त विंडोजला सांगितलेला आकडा बदलतो. आकडा बघून अडणारा एखादा गेम त्याने सुरू होतो. तेवढ्यापुरतीच ती वापरा.

आणि पेज फाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल) बंद करू नका. शेअर्ड मेमरी विंडोजच्या एकूण हिशेबातूनच दिली जाते. पेज फाइल नसेल तर रॅम मोकळी दिसत असतानाही ती मागणी नाकारली जाऊ शकते आणि गेम अर्ध्यात बंद पडतो.

वेगळं कार्ड असेल तर

कार्डाची स्वतःची मेमरी भरली की विंडोज त्यालाही सिस्टिमची रॅम वापरू देतं. एनव्हिडियाने २००४ मध्ये टर्बोकॅश या नावाने यावरच स्वस्त कार्डं विकली होती, एटीआयचं उत्तर हायपरमेमरी. पण प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससारखी रॅम इथे शेजारी नसते, कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसच्या मार्गाने यावं लागतं. तिसऱ्या पिढीच्या १६ लेनवर (लेन म्हणजे त्या मार्गातली एक वाट) सेकंदाला १५.७५ जीबी, ४ लेनवर जेमतेम ४. २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटीला ४ जीबी मेमरी आणि ४ च लेन आहेत. जुन्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर मेमरी ओसंडली की ते कोसळतं ते याचमुळे. कार्डाच्या बाबतीत शेअर्डचा आलेख वर जाताना दिसला की टेक्श्चरचा दर्जा एक पायरी खाली आणा, दुसरा इलाज नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी

सामाईक मेमरीवर डेटा कॉपी करणं टाळता येतं आणि ते टाळलंच पाहिजे. व्हल्कनमध्ये डिव्हाइस लोकल आणि होस्ट व्हिजिबल हे दोन्ही गुण एकत्र असलेला मेमरीचा प्रकार शोधा आणि डेटा थेट तिथे लिहा, स्टेजिंग बफरची फेरी वाचते. डायरेक्टएक्स १२ ला आर्किटेक्चर विचारलं की तो यूएमए आहे का आणि कॅश जुळलेली आहे का हे सांगतो. इंटेलवर ओपनसीएल वापरताना होस्ट पॉइंटर ४०९६ बाइटच्या सीमेवर आणि आकार ६४ च्या पटीत ठेवला नाही तर ड्रायव्हर गुपचूप कॉपी करतो. आणि राइट-कंबाइन्ड मेमरी प्रोसेसरकडून कधीही वाचू नका, ते वाचन भयंकर संथ असतं.

मोजणी आणि अडचणी

प्रत्येक बदलानंतर एकच गोष्ट मोजा. गेममध्येच बेंचमार्क असेल तर तोच, त्याच रिझोल्यूशनवर, चार्जर लावून, तीनदा. पहिली फेरी सोडून द्या, तीत टेक्श्चर डिस्कवरून येत असतात. फक्त सरासरी बघू नका, सर्वात कमी फ्रेमचा आकडाही बघा. दुसऱ्या स्टिकचा फायदा तिथे जास्त ठळक दिसतो.

दुसरी स्टिक घालूनही फ्रेम हलल्या नाहीत तर अडचण बहुधा विजेच्या मर्यादेत आहे. १५ वॉटच्या लॅपटॉपमध्ये कोर आणि ग्राफिक्स तेवढ्याच वॉटमध्ये भागवतात. फॅनची जाळी धुळीने भरली असेल तर तेही मिळत नाहीत. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं की पिक्सेल ४४ टक्केच उरतात, आणि बँडविड्थवरचा ताण त्याच प्रमाणात उतरतो. अशा ग्राफिक्सवर सगळी सेटिंग लो करण्यापेक्षा हे आधी करून बघा.

रॅम घातल्यावर पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर डीडीआर५ पहिल्यांदा ओळखायला काही मिनिटं लागू शकतात, तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका. दहा मिनिटांनीही काही नाही तर एक-एक स्टिक वेगळी लावून बघा. जुन्या स्टिकची सोनेरी पट्टी काळवंडली असेल तर पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि भुगा झटकून मगच बसवा, तो स्लॉटमध्ये गेला तर नवी अडचण. बायोसच्या सेटिंगमुळे अडलं असेल तर वीज पूर्ण काढून, सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवून परत लावा. यूएमए आणि एक्सएमपी दोन्ही मूळ जागी येतात. मग एका वेळी एकच बदल पुन्हा करा.